शिष्यवृत्तीच्या खिडकीवर येणारी मुलं आणि त्यांच्या मनावरचा ताण

पांझराकाठ

नमस्कार. धुळे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजच्या ऑफिसात मी नोकरी करते. शिष्यवृत्ती आणि परीक्षा अर्जांचं टेबल माझ्याकडे आहे. मुलं त्याला 'स्कॉलरशिपची खिडकी' म्हणतात. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतली कॉलेजं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाखाली येतात, तेव्हा मी लिहितेय ते तिन्हीकडे थोड्याफार फरकाने सारखंच असणार.

आमच्याकडे समुपदेशन कक्ष आहे. खोली आहे, पाटी आहे, आठवड्यातून एकदा एक मॅडम येतात आणि त्या मनापासून काम करतात. पण खोली आहे स्टाफरूमच्या समोर. तिथे कोण गेलं ते अख्ख्या वर्गाला दिसतं, म्हणून मुलं तिकडे फिरकत नाहीत.

मुलं येतात माझ्या खिडकीवर. महाडीबीटीचा (शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलचा) हप्ता आला नाही, आधार बँकेला जोडलेलं नाही, अर्ज कॉलेजच्या लॉगिनला अडकलाय, दोन विषय राहिलेत आणि फॉर्मची तारीख उलटली. हे सांगता सांगता एखाद्याचा आवाज बसतो. एखादी मुलगी बोलणं अर्धवट टाकून 'काही नाही मॅडम' म्हणते आणि वळते. आपल्याकडचं मूल 'मला मानसिक त्रास होतोय' असं सांगत येत नाही. ते कागद घेऊन येतं. म्हणून मला वाटतं की मदतीची सुरुवात कागद जिथे येतो तिथेच व्हायला हवी. खिडकीवर, ग्रंथालयात, वसतिगृहाच्या दारात, एसटी पासच्या रांगेत. तिथल्या माणसांना एवढं शिकवा की काय दिसलं तर थांबायचं, काय विचारायचं आणि पुढे कुणाच्या हाती सोपवायचं.

मला अनुभवाने कळलेल्या काही खुणा सांगते. वर्षाच्या मध्येच, डिसेंबर-जानेवारीत, कुणी टीसी आणि ओरिजिनल कागदपत्रं मागायला आलं आणि कारण विचारल्यावर नुसती मान खाली घातली, तर मी ते काम तिथेच थांबवते. परीक्षा फी भरलेली असूनही फॉर्म भरला नसेल तर फोन लावते. पैसे खात्यात येऊनही ज्याला त्याचं काही वाटत नाही, तीही मला मोठी खूण वाटते. जो मुलगा तीन महिने त्या पैशांसाठी खेटे घालत होता, त्याला ते आल्याचं सांगितल्यावर चेहऱ्यावर काहीच हललं नाही, तर आत काहीतरी बिनसलेलं असतं.

मागे एक मुलगी अशीच टीसी मागायला आली होती (ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत). हुशार, सायन्सची. खिडकीतून बोलण्यासारखं नव्हतं म्हणून आत बोलावलं, स्टूल दिलं, पाणी दिलं. बऱ्याच वेळाने म्हणाली, झोपच येत नाही, पुस्तक उघडलं की अक्षरं नुसती दिसतात, डोक्यात शिरत नाहीत. घरी सांगायची सोय नव्हती. तिला विश्वास होता तो एका मामीवर. मामीला बोलावलं, दोघी धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकार ओपीडीला जाऊन आल्या. औषधं सुरू झाली, मॅडमकडेही जायला लागली, पण स्टाफरूमसमोर नाही. आम्ही तिच्यासाठी ग्रंथालयाच्या मागची खोली उघडून दिली. ती आता तिसऱ्या वर्षाला आहे.

तुमच्याकडे काय चालतं? विद्यार्थी, पालक, शिक्षक, डॉक्टर, सगळ्यांनी लिहा. आणि हे वाचणाऱ्या कुणाला आत्ता, या क्षणी, जगणं नको झालं असेल तर पुढचं काही वाचत बसू नका. १४४१६ लावा. टेली मानस ही सरकारी सेवा आहे, फुकट आहे, रात्री-बेरात्री चालू असते आणि मराठीत बोलता येतं.

सातपुडा०७

ताई, मी नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यातला. आता एमएस्सीला आहे. तुम्ही लिहिलं ते अगदी खरं आहे, मी स्वतः पहिल्या वर्षी टीसी मागायला गेलो होतो.

आमची घरची भाषा पावरी. आश्रमशाळेत मराठी शिकलो. कॉलेजात आल्यावर पुस्तकं इंग्रजी. वर्गात सर विचारायचे 'समजलं का', मी मान हलवायचो. रूमवर येऊन तेच पान पुन्हा पुन्हा वाचायचो. मग वाटायला लागलं की आपण इथले नाहीच.

आदिवासी वसतिगृहांत पूर्वी मेस होती. आता बऱ्याच ठिकाणी जेवणाचे पैसे खात्यावर येतात. पैसे वेळेवर आले तर ठीक. उशीर झाला की पोरं रात्रीचं जेवण सोडतात. काही जण त्यातले थोडे घरीही पाठवतात, कारण घरची ओढाताण त्यांना दिसत असते. पण पैशांपेक्षा मोठी गोष्ट वेगळीच झाली. जुने सिनियर सांगतात, मेसमध्ये ताट उरलं की कोण आलं नाही ते लगेच कळायचं. आचारीच विचारायचा. आता ज्याचा त्याचा डबा, ज्याची त्याची खोली. दोन दिवस कुणी जेवलं नाही तरी पत्ता लागत नाही.

दिवाळीनंतर आमच्याकडची कितीतरी घरं गुजरातला ऊसतोडीला जातात. आई-बाप फडात, फोन बंद किंवा रेंज नाही. पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड आली की घरी जाणंही बंद. सगळ्यात जास्त उदास वाटायचं ते या दोन काळांत. प्रत्येक कॉलेजने हे कॅलेंडरवर लिहून ठेवावं असं मला वाटतं. आमच्याकडची मुलं कधी एकटी पडतात ते आधीच माहीत असतं की.

मला टीसी मिळाली नाही कारण माझ्याच पाड्याकडच्या एका दादाने ऑफिसातून बाहेर ओढलं. त्याने उपदेश केला नाही. रोज संध्याकाळी त्यांच्या खोलीवर जेवायला ये म्हणाला. आम्ही सहा-सात जण एकत्र स्वयंपाक करायचो. नियम एकच होता, संध्याकाळी जो आला नाही त्याच्या खोलीवर कुणीतरी जायचं. तो नियम आम्ही अजून चालवतो.

यावलची_लेक

वाचतेय. सातपुडा०७, तुझा ताटाचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे.

रावेरकर

मी शेतकरी आहे, केळीचा. पोरगा जळगावला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता तेव्हाची गोष्ट सांगतो. मे महिन्यात वादळ आलं आणि कापणीला आलेला बाग अर्ध्या तासात आडवा झाला. पोराचे पेपर चालू होते. आम्ही घरात ठरवलं की त्याला कळू द्यायचं नाही. फोनवर मी म्हणायचो, बापू, तू पेपर दे, बाकीचं मी पाहतो. पण त्याने गावातल्या पोरांच्या स्टेटसवर बागेचा फोटो त्याच दिवशी पाहिला होता. तो मला सांगेना, मी त्याला सांगेना. पंधरा दिवस दोघंही एकमेकांना 'सब ठीक' म्हणत राहिलो. पोरगा तिकडे जेवण सोडून बसला होता, बँकेच्या हप्त्याचा हिशेब करत.

त्याच्या रूमपार्टनरने मला फोन केला म्हणून कळलं. मी त्याच रात्री जळगावला गेलो. त्याला सगळा हिशेब कागदावर मांडून दाखवला, विम्याचं काय, कर्जाचं काय, किती दिवसांत बाग पुन्हा उभा राहतो. हिशेब वाईटच होता, पण तो पाहिल्यावर पोरगा झोपला. मनातल्या मनात त्याने जो हिशेब धरला होता तो याहून वाईट होता.

माझं म्हणणं एवढंच, कॉलेजने घरी कळवलं पाहिजे. हजेरी कमी झाली की बापाला फोन गेला पाहिजे. आम्ही पैसे भरतो, लेकरू आमचं आहे.

यावलची_लेक

रावेरकर काका, तुमच्यासारखे वडील असतील तर जरूर फोन करावा. पण सगळ्यांच्या घरी असं नसतं, आणि मुलींच्या बाबतीत तर फार जपून करावं लागेल. माझ्या ओळखीच्या मुलीचं सांगते. तिला घाबरायला व्हायचं, छातीत धडधडायचं, बसमध्ये श्वास अडकायचा. कॉलेजातून घरी फोन गेला की 'मुलीला काहीतरी त्रास आहे'. आठ दिवसांत कॉलेज बंद आणि महिन्याभरात पाहुणे बघायला आले. शिक्षण सुटलं. धडधड तशीच आहे, वर सासरी ती लपवावी लागते.

सरकारने मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली (२०२४-२५ पासून, उत्पन्न आठ लाखांपर्यंत), हे चांगलंच झालं. पण आमच्यातल्या कितीतरी जणींचं शिक्षण फीवर अडत नाही. 'आता पुरे' या एका वाक्यावर अडतं, आणि ते वाक्य उच्चारायला घरच्यांना निमित्तच हवं असतं. आजारपण हे सगळ्यात सोपं निमित्त. म्हणून मुलगी तोंड उघडत नाही. तुमची खिडकी असो की समुपदेशन कक्ष, पहिलं वाक्य हेच हवं: तुला विचारल्याशिवाय घरी काही कळवणार नाही.

खडूफळा

मी निवृत्त प्राध्यापक. दोन्ही बाजू वाचल्या. माझी शंका वेगळी आहे, आणि ती कुणाला नाउमेद करायला नाही. कार्यालयातल्या ताईंनी जे केलं ते मोठं आहे, पण सगळीकडे असं सोपवलं तर न शिकलेली माणसं समुपदेशन करू लागतील. 'मन घट्ट कर', 'देवाचं नाव घे', 'तुझ्यापेक्षा वाईट परिस्थितीतली मुलं बघ' असं बोलून चांगल्या हेतूने घाव घालतील. दुसरं, शिक्षकांची अवस्था बघा. कितीतरी जागा रिक्त आहेत आणि तासिका तत्त्वावरचा तरुण शिक्षक स्वतःच सकाळी एका गावी, दुपारी दुसऱ्या गावी तास घेत पळतो. त्याचं मानधन महिनोन्‌महिने थकतं. त्याच्या वर्गातल्या मुलाचा चेहरा वाचायला त्याने कुठून उसंत आणायची?

पांझराकाठ

सर, शंका रास्त आहे. मी समुपदेशन करत नाही आणि करूही नये. मी थांबवते, बसवते, ऐकते आणि सोपवते. 'काय व्हयनं भाऊ? जेवना का?' एवढं विचारायला पदवी लागत नाही. त्याच्या पुढचं काम ज्याचं आहे त्याच्याकडे नेणं, इथवरच माझी हद्द. पण ही हद्द नेमकी कुठे संपते ते कुणी जाणकाराने सांगावं.

मनोविकार_ओपीडी

मी मनोविकारतज्ज्ञ आहे, खान्देशातल्याच सरकारी रुग्णालयात. ताई, तुम्ही हद्द बरोबर ओळखली आहे. थोडं सविस्तर लिहितो.

परीक्षेआधीची धाकधूक, निकालानंतरचे चार रडके दिवस हा आजार नव्हे. पण उदासपणा किंवा कशातच गोडी न वाटणं दोन आठवडे जवळजवळ रोज टिकलं, सोबत झोप-भूक बिघडली, लक्ष लागेना, सतत थकवा, आपण कुचकामी आहोत असं वाटू लागलं, तर डॉक्टरांना दाखवावं. आपल्याकडची मुलं बऱ्याचदा अंगाच्या तक्रारी घेऊन येतात. डोकं दुखतं, पोटात गोळा येतो, हातपाय गळाल्यासारखे होतात. त्यांना 'काही झालं नाही, मनाचे खेळ आहेत' म्हणून परत पाठवू नका. आम्हीही आधी रक्त तपासतो. मुलींत रक्त कमी असणं फार दिसतं, थायरॉइड असू शकतो, आणि नंदुरबारकडच्या आदिवासी मुलांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार लक्षात ठेवावाच लागतो. शरीराचं कारण सापडलं तर त्यावर उपचार, नाही सापडलं तर मनावर, आणि कधी कधी दोन्हीवर.

झोपेचं वेगळं सांगतो, कारण जळगाव-भुसावळकडचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो आणि मुलं पत्र्याच्या खोल्यांत राहतात. उन्हाळी परीक्षा नेमक्या त्याच दिवसांत. सलग काही रात्री धड झोप नसेल तर चांगल्या मुलाचाही तोल जातो. कॉलेजने मे महिन्यात ग्रंथालयाचा एक हॉल रात्री उघडा ठेवला, पंखे-कूलर लावले, तरी ती औषधाइतकीच मदत आहे. मेडिकलमधून परस्पर झोपेच्या गोळ्या मात्र घेऊ नका.

गोळ्यांना लोक घाबरतात. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून पाच दिवसांत 'फरक नाही' म्हणून सोडू नयेत. बरं वाटलं म्हणूनही स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नयेत, डॉक्टर हळूहळू कमी करतात. आणि सगळ्यांना गोळ्या लागतातच असं नाही. अनेकांना बोलण्याचे उपचार पुरतात.

आता सर्वात अवघड प्रश्न. मूल खूप खचलेलं वाटलं तर सरळ विचारा, 'जीव द्यावासा वाटतो का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट, कुणीतरी विचारलं याने सुटका होते. उत्तर 'हो' असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही. रागवायचं नाही, शपथा घालायच्या नाहीत. सोबत बसून १४४१६ लावायचा किंवा थेट जवळच्या सरकारी रुग्णालयात घेऊन यायचं, रात्र असली तर अपघात विभागात. जिल्हा रुग्णालयांत आणि जळगाव, धुळे, नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकार विभाग आहेत. केसपेपर काढायचा आणि यायचं, चिठ्ठी-ओळख काही लागत नाही.

खडूफळा सर, 'मन घट्ट कर' हे वाक्य माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मुलाने ऐकलेलं असतं. तुम्ही ते नेमकं पकडलंत.

सातपुडा०७

डॉक्टर, आमच्याकडे आधी भगताकडे (मांत्रिकाकडे) नेतात. दवाखान्यात 'वेड्यांची ओपीडी' म्हणून कुणी यायला तयार होत नाही. काय करायचं?

मनोविकार_ओपीडी

भगताकडे जाऊन आले तरी मी कधी रागावत नाही. घरच्यांची श्रद्धा मोडायला निघालो तर ते मुलाला परत आणणारच नाहीत. त्यांना सांग, तेही करा आणि हेही करा, फक्त मुलाला मारहाण, चटके किंवा उपाशी ठेवणं होऊ देऊ नका आणि गोळ्या थांबवू नका. पाड्यावरच्या आशाताईंना सोबत घेतलंस तर घरचे लवकर ऐकतात. 'झोपेचा आणि डोकेदुखीचा डॉक्टर' म्हणून आणलंस तरी माझी हरकत नाही.

कोर्टकचेरी

जळगावात वकिली करतो. गोपनीयतेवर दोन्ही बाजूंनी लिहिलं गेलंय म्हणून कायदा सांगतो.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम २३. उपचार घेणाऱ्याची माहिती गुप्त ठेवणं हा त्याचा हक्क आहे. अठरा वर्षांवरची मुलगी किंवा मुलगा स्वतःच्या उपचाराचा निर्णय स्वतः घेऊ शकतात. अपवाद आहेत, त्यात त्या व्यक्तीच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असणं हा एक. म्हणजे धोका असेल तर गरजेपुरतं कळवता येतं. त्याच कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरलं जातं, तिच्यावर खटला भरून शिक्षा करता येत नाही, आणि तिची काळजी, उपचार, पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी ठरवली आहे. 'पोलीस केस होईल' या भीतीने मुलाला खासगीत लपवत फिरणारे पालक मी पाहिलेत. त्या भीतीने एक तासही वाया घालवू नका.

आरोग्य विम्यातही मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने धरायचं असं कलम २१ म्हणतं.

आता कॉलेजांसाठी महत्त्वाचं. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी देशभरच्या शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तर किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा. त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडणी करायची. टेली मानससारखे क्रमांक वसतिगृह, वर्ग आणि वावराच्या जागांत ठळक लावायचे. आणि ताई, हे खास तुमच्यासाठी: शिक्षकच नव्हे तर शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनाही वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायचं. धोक्याच्या खुणा कशा ओळखायच्या, पहिला आधार कसा द्यायचा, पुढे कुणाकडे पाठवायचं, सगळं त्यात आलं. तुम्ही जे मागताय ते प्राचार्यांच्या टेबलावर हक्काने ठेवता येईल.

हे सगळं का करावं लागलं तेही सांगतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या आहेत, आणि राज्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वात मोठा आहे.

रावेरकर

यावलच्या ताईचं पटलं. मी फक्त माझ्या पोराच्या बाजूने विचार करत होतो. पण मग मधला मार्ग काय? कुणालाच नाही कळवायचं असंही चालणार नाही.

यावलची_लेक

काका, प्रवेशाच्या वेळीच मुलाला विचारावं, 'अडचणीत कुणाला फोन करू?' आणि ते नाव आई-वडिलांचंच असलं पाहिजे अशी सक्ती नको. कुणाची मामी असेल, कुणाची मोठी बहीण, कुणाची शाळेतली बाई. ताईंच्या गोष्टीतही मामीच उपयोगी पडली. अर्जात पालकाचं नाव असतं तसा हा एक रकाना वाढवायचा, आणि तो वर्षातून एकदा बदलायची मुभा द्यायची.

पांझराकाठ

हे मी या वर्षी माझ्या पातळीवरच करू शकते. शिष्यवृत्तीचा अर्ज तपासताना एक वेगळा कागद भरून घेईन, पण तो फाइलला लावायचा नाही, कपाटात वेगळा. कोर्टकचेरी साहेब, त्या सूचनांची प्रत प्राचार्यांना देते.

अभ्यासिका_खुर्ची१९

सगळं वाचलं. आमच्यासारख्यांचं काय? माझं बीए होऊन बराच काळ लोटला. धुळ्यात अभ्यासिकेत बसतो, एमपीएससी करतो. आमची हजेरी कुणी घेत नाही, आम्हाला खिडकी नाही, प्राचार्य नाहीत. घरी फोनवर 'अभ्यास चालू आहे' एवढं एकच वाक्य वर्षानुवर्षं. जाहिरात पुढे जाते, परीक्षा पुढे जाते, आता मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली म्हणून अर्धा अभ्यास नव्याने. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गावी जाणं मी सोडून दिलंय, कारण सगळे एकच प्रश्न विचारतात. शेजारच्या खुर्चीवरचा मुलगा महिनाभर आला नाही तर आम्हाला वाटतं गावी गेला असेल, नाहीतर सिलेक्शन झालं असेल. चौकशी कुणीच करत नाही.

खडूफळा

बाळा, तुझी पोस्ट वाचून मी थांबलो. दोन गोष्टी सांगतो, त्यातली एक तुझ्यासाठी आणि एक माझ्यासाठी. तू १४४१६ ला फोन कर, तिथे विद्यार्थी असल्याचा दाखला मागत नाहीत. आणि मी धुळ्यातच राहतो, दुपारी मोकळा असतो. अभ्यासिकेत येऊन बसायला, उत्तरं तपासून द्यायला मला आवडेल. वर्णनात्मक लिहिण्याचा सराव मी वर्षानुवर्षं घेतला आहे. उत्तर तपासताना माणसाशी बोलणंही होतं. अभ्यासिकेच्या मालकांना विचारून सांग, चालेल का.

अभ्यासिका_खुर्ची१९

सर, विचारतो. आजच विचारतो. धन्यवाद.

मनोविकार_ओपीडी

खुर्ची१९, झोप आणि जेवण कसं आहे? मी वर लिहिलेलं दोन आठवड्यांहून जास्त जाणवत असेल तर ओपीडीला ये. परीक्षेच्या तारखा बदलणं आपल्या हातात नाही, पण त्या पुढे गेल्यावर ज्या अवस्थेत तू जातोस तिच्यावर इलाज आहे. अभ्यासिकेतल्या सगळ्यांना एक विनंती: शेजारची खुर्ची तीन दिवस रिकामी दिसली की फोन करा. सिलेक्शन झालं असेल तर पेढे मिळतील.

पांझराकाठ

प्राचार्यांशी आज बोलणं झालं. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सरांनीही साथ दिली. ठरलं ते असं. समुपदेशनाची खोली ग्रंथालयाच्या मागे हलवायची, म्हणजे मुलगा पुस्तक बदलायला गेला की तिथे गेला, हे कुणाला कळायचं नाही. कार्यालय, ग्रंथालय, प्रयोगशाळा परिचर आणि वसतिगृहाचे कर्मचारी यांचं पहिलं प्रशिक्षण हे सत्र संपायच्या आत घ्यायचं. बाहेरून तज्ज्ञ बोलवायचेत. डॉक्टर, तुमच्या विभागाला कॉलेजचं पत्र पाठवते, आलात तर फार बरं होईल. टीसी मागणाऱ्याला त्याच दिवशी टीसी द्यायची नाही, आधी दहा मिनिटं कुणीतरी बसून बोलायचं. वसतिगृहातल्या जेवणाचे पैसे अडकले तर ती यादी दर सोमवारी माझ्याकडे यायची, म्हणजे आदिवासी विकासाच्या प्रकल्प कार्यालयात मी पाठपुरावा करेन.

एक अडचण उरली आहे. १४४१६ ची माहिती आम्ही मराठीत आणि अहिराणीत लिहून काढली, पण नंदुरबारकडची मुलं आमच्याकडे बरीच आहेत आणि पावरी, भिली लिहिणारं इथे कुणी नाही. लिहिण्यापेक्षा आवाजात असेल तर अजून चांगलं, मुलं व्हॉट्सॲपवर घरीही पाठवतील.

सातपुडा०७

ताई, पावरीत मी बोलतो. डॉक्टरांनी लिहिलेलं 'एकटं सोडायचं नाही, रागवायचं नाही' ते आणि गोळ्यांचं, एवढं दोन मिनिटांत बसवतो. भिलीसाठी मोलगीकडचा मित्र आहे, त्याला सांगतो. मावचीसाठी नवापूरकडची एक मुलगी आमच्या वर्गात आहे, तीही तयार होईल. आधी तुम्ही मजकूर पक्का करून द्या.

पांझराकाठ

उद्या दुपारपर्यंत मजकूर देते. डॉक्टरांनी एकदा नजरेखालून घातला की रेकॉर्ड कर. तुझा नंबर इथे टाकू नकोस, मला वेगळा निरोप पाठव.